सिंगापूरमध्ये ईटीएफ घ्यायचाय? मग इथली 'एसआयपी' आधी समजून घ्या

आपल्या डोक्यात एसआयपी म्हणजे दर महिन्याचा हप्ता, पण सिंगापूरात एसआयपी म्हणजे स्पेसिफाइड इन्व्हेस्टमेंट प्रॉडक्ट, म्हणजेच समजायला किचकट प्रॉडक्ट, त्यामुळे ब्रोकरच्या ॲपवर 'हा ईटीएफ (शेअरसारखा बाजारात घेता-विकता येणारा फंड) एसआयपी आहे' असं आलं की आपली माणसं खूश होतात आणि तिथेच अडकतात 😄

साधे शेअर वगैरे दुसऱ्या गटात, एक्सक्लूडेड म्हणजे ईआयपी, त्यांना वेगळी परवानगी लागत नाही. ईटीएफ मात्र दोन्हीकडे सापडतात. नावावरून कळत नाही, प्रॉस्पेक्टस म्हणजे फंडाचं माहितीपत्रक उघडा आणि 'एक्सक्लूडेड इन्व्हेस्टमेंट प्रॉडक्ट्स' हे शब्द सर्च करा, ईआयपी असेल तर एमएएसच्या, म्हणजे सिंगापूरच्या वित्तीय नियामकाच्या नोटिशीचा नंबर देऊन तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. फंड थेट शेअर घेतो, डेरिव्हेटिव्ह (दुसऱ्या कशाच्या तरी किमतीवर चालणारे करार) फक्त हेजिंग म्हणजे जोखीम कमी करायला किंवा पोर्टफोलिओ नीट चालवण्यापुरते वापरतो, तर तो सहसा ईआयपीत बसतो. स्वॅपवर (थेट शेअर न घेता परताव्याच्या अदलाबदलीच्या करारावर) चालणारा किंवा लिव्हरेज्ड (इंडेक्सच्या काही पट हलणारा) असेल तर एसआयपीच समजा, मग इंडेक्स कितीही ओळखीचा असो.

एसआयपी निघाला तर ब्रोकर कस्टमर अकाउंट रिव्ह्यू म्हणजे सीएआर करतो, २०१२ पासून हा नियम आहे. यात तपासतात तुम्हाला, फंडाला नाही. फायनान्स, अकाउंटन्सी, इकॉनॉमिक्स, बिझनेस अशा विषयात डिप्लोमा किंवा डिग्री, नाहीतर सीएफएसारखं प्रोफेशनल क्वालिफिकेशन, नाहीतर गेल्या ३ वर्षांत लिस्टेड एसआयपीचे किमान ६ व्यवहार, नाहीतर गेल्या १० वर्षांत सलग ३ वर्षं त्या क्षेत्रातली नोकरी, यातलं एक काहीही पुरतं. इंजिनिअर लोकांना इथेच ब्रेक लागतो, डिग्री मोठी पण यादीत नाही! त्यांनी सिंगापूर एक्सचेंजचं ऑनलाइन लर्निंग मॉड्यूल पूर्ण करावं, मला तरी हाच सगळ्यात सरळ रस्ता वाटतो.

कागदपत्रं म्हणाल तर फॉर्ममध्ये स्वतःच माहिती भरायची असते, पण सर्टिफिकेट, जुन्या ब्रोकरचं ट्रेड स्टेटमेंट, नोकरीचं पत्र स्कॅन करून ठेवा, मागितलं तर धावपळ नको. आणि खोटं टिक करू नका हो, उद्या तोटा झाला आणि तक्रार करायची वेळ आली तर तोच फॉर्म तुमच्यासमोर ठेवतील.

एक राहिलंच, सीएआर ब्रोकरप्रमाणे होतो, दुसऱ्याकडे खातं उघडलं की पुन्हा भरायचा. लिस्टेड नसलेल्या फंडांना सीकेए (कस्टमर नॉलेज असेसमेंट) नावाची वेगळी चाचणी असते, ती ईटीएफला लागत नाही.