पाच ग्रॅम कवचबीज म्हणजे किती गोळ्या?

इंदूरच्या सियागंज बाजारात ‘कौंच बीज’, म्हणजे कवचबीज, मागितलं की काळ्या नाहीतर पांढऱ्या बिया पुढ्यात येतात. महाराष्ट्रात हीच खाजकुहिली. खाज सुटते ती शेंगेवरच्या लवेने. बी हातात घ्यायला काही हरकत नाही.

कंपवाताच्या (पार्किन्सन्सच्या) पेशंटच्या घरी या बियांचं चूर्ण येतं, त्यामागे निव्वळ भाबडेपणा नसतो. १९३७ साली भारतातच या बियांमधून एल-डोपा वेगळा काढला गेला. डॉक्टर कंपवातासाठी देतात त्या गोळीतही तोच रेणू असतो. कंपवातात मेंदूत डोपामिन कमी पडतं. ते थेट दिलं तर रक्तातून मेंदूत शिरत नाही. एल-डोपा शिरतो आणि आत त्याचं डोपामिन होतं.

घोटाळा होतो मात्रेत. बियांत एल-डोपा साधारण ४ ते ६ टक्के, म्हणजे ५ ग्रॅम चूर्णात २०० ते ३०० मिलिग्रॅम. नुसतं चूर्ण घेतलं तर त्यातल्या बहुतेकाचं डोपामिन मेंदूबाहेरच होऊन जातं. कंप तसाच, वर मळमळ. ही नासाडी थांबवायला गोळीत कार्बिडोपा घालतात. आता पेशंट गोळी चालू ठेवून वर चूर्ण घेतो, तेव्हा गोळीतला कार्बिडोपा चूर्णातल्या एल-डोपाचीही राखण करतो. १०० मिलिग्रॅमच्या हिशेबाने दोन-तीन गोळ्या जादा पोटात गेल्या! मग हात-मान आपोआप वळवळतात, उठताना चक्कर येते, रात्री खोलीत नसलेली माणसं दिसतात. घरच्यांना वाटतं, आजार वाढला.

हेच चूर्ण दुधातून घेतलं की परिणाम घटू शकतो. प्रथिनांतली अमिनो आम्लं आतड्यात आणि मेंदूच्या वेशीवर एल-डोपाची वाट अडवतात. सकाळची गोळी उसळ-पोह्यांबरोबर नको, अर्धा तास आधी हवी, ती याचसाठी. बिया उकळून पाणी फेकलं तर एल-डोपाचा काही भाग पाण्याबरोबर जातो. त्यामुळे दोन घरांतलं चूर्ण सारखं नसतं.

बोलिव्हियात १८ पेशंटांना भाजलेल्या बियांच्या चूर्णाची एकेक मोठी मात्रा दिली, तेव्हा ती गोळीच्या तोडीची ठरली. रोज घेण्याच्या १६ आठवड्यांच्या चाचणीत मात्र १४ पैकी ७ जणांनी मध्येच सोडलं. कुणाला पोटाचा त्रास, कुणाच्या हालचाली बिघडल्या.

चूर्ण चालू असेल तर डॉक्टरांना ‘थोडं आयुर्वेदिक घेतो’ सांगून भागत नाही. ग्रॅम, वेळ, दुधातून की पाण्यातून, हे लिहून न्या. आणि चूर्णाच्या भरवशावर गोळी एकदम बंद करू नका: ताप चढतो, अंग लाकडासारखं ताठतं, जिवावर बेतू शकतं.