जनुकीय समुपदेशकाचे पदव्युत्तर प्रशिक्षण

जनुकीय समुपदेशकाचे पदव्युत्तर प्रशिक्षण : आनुवंशिक आजार असलेल्या, तो होण्याची शक्यता असलेल्या किंवा आपल्या मुलांपर्यंत तो पोहोचेल का या काळजीत असलेल्या व्यक्तीला आजाराची माहिती समजावून देणे, तपासणीचे पर्याय पुढे ठेवणे आणि तिचा निर्णय तिलाच घेता यावा म्हणून तिच्यासोबत थांबणे, हे जनुकीय समुपदेशकाचे काम. त्यासाठी बहुतेक देशांत साधारण दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी घ्यावी लागते. डॉक्टर असण्याची अट नसते. जीवशास्त्र, मानसशास्त्र, परिचर्या, समाजकार्य अशा निरनिराळ्या वाटांनी विद्यार्थी येथे येतात. अभ्यासक्रमाचा अर्धा भाग गुणसूत्रे, जनुके आणि संभाव्यता यांचा असतो. उरलेला अर्धा भाग ऐकण्याचा असतो, आणि तोच जास्त अवघड जातो.

उगम

‘जनुकीय समुपदेशन’ हा शब्दप्रयोग शेल्डन रीड यांनी १९४७ साली रूढ केला. ते तेव्हा अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या डाइट इन्स्टिट्यूटमध्ये मानवी आनुवंशिकीचे काम पाहत होते. ज्या चार्ल्स डाइट यांच्या देणगीतून ही संस्था उभी राहिली, ते स्वतः सुप्रजननवादाचे पुरस्कर्ते होते. कोणाला मुले व्हावीत आणि कोणाला होऊ नयेत हे समाजाने ठरवावे, असे मानणारा तो विचार. त्याने विसाव्या शतकात किती घरे उद्ध्वस्त केली हे सांगायला नको. कुटुंबाला मदत करायची, पण या विचाराची सावलीही तिच्यावर पडू द्यायची नाही, म्हणून रीड यांना नवे नाव हवे होते. ‘सल्ला घेणाऱ्याचा निर्णय सल्ला घेणाऱ्याचाच’ हे तत्त्व या प्रशिक्षणात इतक्या आग्रहाने का शिकवतात, ते या पार्श्वभूमीशिवाय कळत नाही.

पुढची वीसेक वर्षे हे काम आनुवंशिकीचे डॉक्टर आणि संशोधकच करत होते. मात्र १९५९ मध्ये डाऊन सिंड्रोमचे कारण एकविसाव्या गुणसूत्राची जादा प्रत असल्याचे दिसले. १९६६ मध्ये गर्भजलातील पेशी वाढवून गुणसूत्रे तपासता येऊ लागली. प्रश्न घेऊन येणारी कुटुंबे वाढत गेली, आणि त्यांच्याशी तासभर बोलायला डॉक्टरांकडे वेळ उरला नाही. १९६९ साली न्यूयॉर्क राज्यातील ब्राँक्सव्हिल येथील सारा लॉरेन्स कॉलेजात मेलिसा रिक्टर यांनी या विषयाचा पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. १९७१ साली पहिली तुकडी बाहेर पडली. त्यानंतर सुमारे पाव शतक तेथे धुरा सांभाळणाऱ्या जोन मार्क्स यांचा पिंड समाजकार्याचा होता, आणि मनाच्या बाजूला अभ्यासक्रमात आज जे वजन आहे, त्यातला मोठा वाटा त्यांचा मानावा लागतो. १९७९ मध्ये अमेरिकेत समुपदेशकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. १९९३ मध्ये प्रमाणपत्र परीक्षेसाठी स्वतंत्र मंडळ आले, तर २०१२ मध्ये अभ्यासक्रमांना मान्यता देणारी परिषद.

प्रवेश

जनुकशास्त्र, जीवरसायन, संख्याशास्त्र आणि मानसशास्त्र हे विषय आधी शिकलेले असावेत, अशी साधारण अपेक्षा असते. पण निवड करणारे गुणपत्रिकेच्या पलीकडेही पाहतात. संकटातल्या माणसांसाठीच्या हेल्पलाइनवर काम केले आहे का? अपंग मुलांसोबत किंवा दीर्घ आजारी माणसांसोबत वेळ घालवला आहे का? ही चौकशी योग्यच आहे. बायोकेमिस्ट्री दोन वर्षांत पक्की करून घेता येते, पण समोरचा माणूस रडू लागला की ज्याला खोलीतून निघून जावेसे वाटते, त्याला हे काम पेलत नाही. अमेरिका व कॅनडात २०१८ पासून प्रवेश ‘मॅच’ पद्धतीने होतात. उमेदवार आणि अभ्यासक्रम दोघेही आपापला पसंतीक्रम देतात आणि जोड्या संगणक लावतो. जागा थोड्या असतात, कारण प्रत्येक विद्यार्थ्यासाठी दवाखान्यात जागा आणि अनुभवी पर्यवेक्षक लागतो.

वंशावळ

पहिल्या काही आठवड्यांतच विद्यार्थ्याच्या हाती पेन्सिल आणि कोरा कागद येतो. पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ. आजारी व्यक्तीचे चिन्ह भरलेले, मृत व्यक्तीवर तिरकी रेघ. जवळच्या नात्यात लग्न झाले असेल तर जोडप्यामध्ये दुहेरी रेघ. ज्याच्यामुळे कुटुंब दवाखान्यात आले त्याच्याकडे रोखलेला बाण. या चिन्हांचे प्रमाणीकरण १९९५ साली झाले आणि २०२२ च्या सुधारणेत लिंगभाव व जन्माच्या वेळचे लिंग वेगवेगळे दाखवण्याची सोय आली. निदान तीन पिढ्या काढायच्या, आणि त्याही समोरच्याशी बोलता बोलता.

चित्र काढणे सोपे, प्रश्न विचारणे अवघड. ‘घरात कोणाला काही आनुवंशिक आजार?’ असे विचारले की जवळजवळ हमखास ‘नाही’ असे उत्तर येते. विद्यार्थ्याला एकेका माणसापाशी थांबायला शिकवतात. मामा किती? सगळे हयात आहेत? जे गेले ते किती वर्षांचे होते, कशाने गेले? मग हळूच कळते की एक मामा बत्तिसाव्या वर्षी पोहताना गेला आणि सगळ्यांनी तो बुडाला असेच धरले. झटकन मृत्यू घडवणारे हृदयाचे काही आनुवंशिक आजार असेच ‘अपघात’ होऊन वंशावळीत दडून बसतात. गर्भपात आणि जन्मतः मृत बाळे तर मुद्दाम विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

येथे मराठी फार कामाला येते. इंग्रजी एकाच शब्दात गुंडाळते ती चुलत, आते, मामे आणि मावस भावंडे मराठीत आपोआप आपापल्या फांदीवर बसतात. एक्स गुणसूत्रावरच्या आजारात यावर सगळे उत्तर फिरते. मुलाच्या मामाला हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आजार) असणे आणि काकाला असणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे : वडील निरोगी असतील तर काकाचा आजार त्या मुलापर्यंत येत नाही, मामाचा मात्र आईकडून येऊ शकतो.

आकडा आणि तो सांगण्याची रीत

संभाव्यतेचा तास विद्यार्थ्यांच्या दीर्घकाळ लक्षात राहतो. एका मुलाला सिस्टिक फायब्रोसिस आहे (जनुकाची बदललेली प्रत आई आणि वडील दोघांकडूनही आली तरच होणारा आजार), आईवडील निरोगी. त्याची निरोगी बहीण वाहक, म्हणजे अशी एकच प्रत बाळगणारी, असण्याची शक्यता किती? पुष्कळ जण ‘निम्मी’ म्हणतात. वाहक आईवडिलांच्या अपत्यात चार सारख्या शक्यता असतात, पैकी एक आजाराची. बहीण निरोगी आहे हे दिसतेच आहे, म्हणून ती एक वगळायची. उरलेल्या तीनपैकी दोन वाहकाच्या. उत्तर तीनात दोन.

दुसरे उदाहरण बेझच्या नियमाचे, म्हणजे नवी माहिती मिळाली की आधीची शक्यता सुधारून घेण्याचे. एका स्त्रीची आई डुशेन स्नायुक्षयाची (वाहक आईच्या मुलग्याला निम्म्या शक्यतेने होणाऱ्या, एक्स गुणसूत्रावरच्या स्नायूंच्या आजाराची) निश्चित वाहक आहे. म्हणजे ही स्त्री वाहक असण्याची सुरुवातीची शक्यता निम्मी. पण तिला दोन मुलगे आहेत आणि दोघेही निरोगी. ती वाहक असती तर दोघेही निरोगी निघण्याची शक्यता चारात एक होती, वाहक नसती तर तसे होणारच होते. दोन्ही बाजू तोलल्या की तिची शक्यता निम्म्यावरून पाचात एकवर उतरते. पुढच्या गरोदरपणात आजारी मुलगा होण्याची शक्यता त्याच्या चौथा भाग, म्हणजे वीसात एक.

आता हे तिला कसे सांगायचे? ‘शंभरात पाच’ ऐकल्यावर पाचच कानात राहतात, ‘शंभरात पंच्याण्णव’ ऐकल्यावर पाच विरून जातात. म्हणून दोन्ही सांगायला शिकवतात, आणि मग तिने काय ऐकले ते तिच्याच शब्दांत परत विचारायला. शब्दांचीही अशीच निगराणी करावी लागते. ‘धोका’ म्हटले की भीती आधी पोहोचते, ‘शक्यता’ म्हटले की कान उघडे राहतात. सर्वांत जपून वापरावा असा मराठी शब्द म्हणजे ‘दोष’. ‘जनुकात दोष आहे’ असे समुपदेशक सहज म्हणून जातो आणि समोरची आई ‘दोष माझा आहे’ असे ऐकते. ‘बदल’ हा साधा शब्द तेथे पुरतो.

मग असतात ते निकाल, ज्यांचा अर्थ अजून कोणालाच लागलेला नाही. २०१५ साली अमेरिकेतील दोन व्यावसायिक संस्थांनी जनुकीय बदलांची पाच पायऱ्यांची वर्गवारी केली : रोगकारक, बहुधा रोगकारक, अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी आणि निरुपद्रवी. मधल्या पायरीवरच्या बदलाच्या आधारे शस्त्रक्रियेसारखा निर्णय घेऊ नये, हे विद्यार्थ्याच्या मनावर ठसवले जाते. पैसे मोजून आणि आठवडेच्या आठवडे वाट पाहून आलेल्या माणसाला ‘सध्या सांगता येत नाही’ हे सरळ, न चाचरता सांगणे हे स्वतंत्र कौशल्यच आहे.

ऐकण्याचा अभ्यास

समुपदेशनाची तालीम आधी वर्गात होते. एक विद्यार्थी रुग्ण होतो, दुसरा समुपदेशक, आणि सगळे कॅमेऱ्यात टिपले जाते. नंतर पर्यवेक्षक ते चित्रण थांबवत थांबवत दाखवतात. ‘तपासणीत बदल सापडला’ हे वाक्य उच्चारून झाल्यावर शांतता किती टिकली? बहुतेकांची दोन-तीन सेकंदांत मोडते. विद्यार्थी घाबरून जनुकाचे नाव, टक्केवारी, पुढची तपासणी असे सगळे ओतू लागतो आणि समोरचा माणूस त्यातले काही ऐकत नसतो. गप्प राहणे हाही प्रतिसादच आहे, हे स्वतःला पडद्यावर पाहिल्याशिवाय पटत नाही.

दुसरा ठरलेला प्रसंग : ‘माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?’ जुन्या शिकवणीत हा प्रश्न अलगद परतवायचा असे. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या व्यक्तिकेंद्री विचारातून आलेल्या या ‘अनिर्देशक’ वृत्तीवर पुढे बरीच चर्चा झाली. काहीच न सुचवता तटस्थ राहणे खरोखर शक्य असते का? आणि उपचार उपलब्ध असलेल्या कर्करोगाच्या बाबतीत ते योग्य तरी आहे का? आजचे शिक्षक नात्यावर भर देतात. प्रश्नामागचे एकटेपण ओळखायचे, तो निर्णय कशामुळे जड जातो आहे हे विचारायचे, मात्र आपली निवड त्याच्या गळ्यात घालायची नाही. मला हा बदल चांगला वाटतो. दिशा न देणे आणि माणसाला एकटे सोडणे यांत फरक आहे, आणि जुन्या पद्धतीत तो कधी कधी पुसला जाई.

नीतीचे प्रश्नही पुस्तकात राहत नाहीत. हंटिंग्टन आजाराचे (आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडून आलेल्या एकाच बदललेल्या प्रतीने होणाऱ्या मेंदूच्या आजाराचे) जनुक १९९३ मध्ये सापडले. तेव्हापासून लक्षणे दिसण्याआधीच, कित्येकदा वीस-तीस वर्षे अगोदर, उत्तर मिळू शकते. समजा, आजोबांना तो आजार होता. नातवाला तपासणी हवी आहे, वडिलांना मात्र स्वतःविषयी काही जाणून घ्यायचे नाही. नातवाचा निकाल होकारार्थी आला तर वडिलांचाही निकाल, त्यांनी न मागता, लागलाच. जाणून घेण्याचा एकाचा हक्क आणि न जाणण्याचा दुसऱ्याचा हक्क येथे एकाच रक्ताच्या नमुन्यात अडकलेले असतात. वर्गात याला ठरलेले उत्तर नसते. विद्यार्थी दोन्ही बाजूंनी आळीपाळीने बोलतात.

दवाखान्यातील काम

पहिल्या वर्षाच्या मध्यापासून, काही ठिकाणी सुरुवातीपासूनच, दवाखान्यातील पाळ्या सुरू होतात : प्रसूतिपूर्व, बालरोग, कर्करोग, प्रौढांचे आजार आणि प्रयोगशाळा. आधी नुसते बसून पाहायचे, मग कुटुंबाचा इतिहास तेवढा घ्यायचा, शेवटी संपूर्ण भेट स्वतः चालवायची आणि पर्यवेक्षकाने कोपऱ्यात बसायचे. उत्तर अमेरिकेत प्रत्यक्ष सहभागाच्या किमान ५० केसेस नोंदवाव्या लागतात. भेट संपल्यावर पर्यवेक्षक जे विचारतात त्यात रुग्णाइतकेच विद्यार्थ्याविषयी असते : तिच्या बाळाबद्दल बोलताना तुझा आवाज का बदलला? स्वतःच्या घरातला एखादा आजार घेऊन या क्षेत्रात आलेले विद्यार्थी असतात, त्यांना या प्रश्नांची गरज सर्वांत जास्त. यांशिवाय संशोधनाचा छोटा प्रबंध असतो. पदवीनंतर प्रमाणपत्र परीक्षा येते.

देशोदेशी

कॅनडात मॅकगिल विद्यापीठाने १९८५ मध्ये, तर ब्रिटनमध्ये मँचेस्टरने १९९२ मध्ये अभ्यासक्रम सुरू केला. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत आता पगारी नोकरी करत तीन वर्षांत शिकण्याचीही वाट आहे, आणि फी परवडत नाही म्हणून मागे राहणाऱ्यांसाठी ती मोलाची आहे. क्यूबाने प्राथमिक आरोग्यसेवेशी सांगड घालून मोठ्या संख्येने समुपदेशक तयार केले. भारतात मणिपालसारख्या ठिकाणी एम.एस्सी. आहे आणि ऐच्छिक प्रमाणपत्र देणारे मंडळही आहे. गर्भलिंग सांगण्यावर येथे कायद्याने बंदी असल्याने प्रसूतिपूर्व समुपदेशन शिकताना काय सांगायचे यासोबत काय सांगायचे नाही हेही शिकावे लागते. अमेरिकेत या व्यवसायात नव्वद टक्क्यांहून अधिक स्त्रिया आहेत. पुरुष आणि अल्पसंख्याक समाजांतील विद्यार्थी कमी असल्याची खंत तेथील प्राध्यापक उघड बोलून दाखवतात. येणाऱ्या कुटुंबांची भाषा आणि घडण जाणणारे समुपदेशक त्यामुळे कमी पडतात.

सारांशपत्र

प्रशिक्षणातला एक भाग बाहेर फारसा माहीत नसतो : भेटीनंतर कुटुंबाला लिहायचे पत्र. विद्यार्थ्याचा पहिला मसुदा बहुधा डॉक्टरांसाठी लिहिल्यासारखा होतो आणि लाल शाईने भरून परत येतो. वाक्ये छोटी करायची, आजाराचे नाव एकदा नीट लिहायचे, काय ठरले आणि काय अजून ठरायचे आहे ते वेगळे करायचे. हे पत्र कपाटात राहते आणि कित्येक वर्षांनी एखादी भाची ते घेऊन दुसऱ्याच दवाखान्यात जाते. तोवर ‘अनिश्चित’ म्हणून लिहिलेला बदल वरच्या किंवा खालच्या पायरीवर सरकलेला असू शकतो. म्हणून निकाल कोणत्या दिवसापर्यंतच्या माहितीवर आधारलेला आहे, तो कोणत्या प्रयोगशाळेचा आहे, बदलाचे पूर्ण नाव काय आणि पुन्हा विचारणा कधी करावी, या चार गोष्टी शेवटच्या परिच्छेदात आल्याशिवाय पर्यवेक्षक पत्रावर सही करत नाहीत.