सातवा माणूस बसल्यावर

कोल्हापुरातल्या शोरूममधली सात आसनी एसयूव्ही चाचणीला निघते तेव्हा तिच्यात फार तर तिघं असतात: घेणारा, त्याची बायको आणि शोरूमचा पोरगा. गाडी हायवेला लागते, शिरोलीपर्यंत जाऊन परत येते, सगळे खूश. पण अशी गाडी घेतली जाते ती रविवारी जोतिबाला आणि मे महिन्यात कोकणात जायला. तेव्हा आत सात माणसं असतात, डिकीत बॅगा असतात आणि टपावरही काहीतरी बांधलेलं असतं. त्या दिवशी तिचा तोल, ब्रेक, टायर, अगदी दिव्यांचा झोतसुद्धा वेगळा असतो. तपासायची ती ही गाडी.

आधी वजन. वाहन अभियांत्रिकीत एका माणसामागे साधारण ७५ किलो धरतात: ६८ माणसाचे, ७ सामानाचे. आपल्याकडची लग्नाची बॅग सात किलोंत बसत नाही हे सोडा, तरी सातांचे ५२५ किलो होतात. माहितीपुस्तकात गाडीचं एकूण कमाल वजन आणि रिकामं वजन दिलेलं असतं, वजाबाकी करा. उत्तर ५५० च्या आसपास आलं, तर सात मोठी माणसं आपापल्या सात किलोंसह बसल्यावर जादा सामानाला जेमतेम २५ किलो उरतात. टपावर किती चालतं, तो आकडा वेगळा असतो आणि बहुतेकदा अनपेक्षितरीत्या लहान. कारण तोलाचा आहे. गाडीची उलटण्याची प्रवृत्ती मोजायला डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट, असं साधं गुणोत्तर वापरतात; ते जितकं कमी, तितकी गाडी उलटायला सोपी. चाकांमध्ये १.६ मीटर आणि गुरुत्वमध्य ७० सेंटिमीटरवर असेल तर ते १.१४ येतं. हीच गाडी २४०० किलोची असेल आणि टपावर, १.९ मीटर उंचीवर ७५ किलो बांधले की गुरुत्वमध्य साडेतीन सेंटिमीटर वर सरकतो आणि गुणोत्तर १.०९ वर उतरतं. हा फरक सरळ रस्त्यावर कळत नाही. वळणात अचानक कुत्रं आडवं आलं की कळतो.

आता मागची रांग. तिथं बसून बघण्याची एक रीत आहे. आधी चालक आपल्या सोयीनं सीट लावतो, मग मधल्या रांगेतला माणूस पाय मोकळे ठेवून बसतो, आणि उरलेल्या जागेत घरातला सगळ्यात उंच माणूस मागं जातो. उलट क्रमानं बसलं की कुठलीही गाडी ऐसपैस वाटते. मग टेप घ्या आणि मागच्या सीटच्या पुढच्या कडेपासून गाडीच्या फरशीपर्यंतची उंची मोजा. मोठ्या माणसाचा गुडघ्यामागचा भाग जमिनीपासून चाळीसेक सेंटिमीटरवर असतो. सीट तीसच्याही खाली असेल तर गुडघे छातीकडे येतात, मांड्या अधांतरी राहतात आणि सगळा भार माकडहाडावर पडतो. दहा मिनिटांनी माणूस चुळबुळ करू लागतो. फॉर्च्युनर किंवा स्कॉर्पिओ-एनसारख्या शिडीच्या चेसिसवरच्या (म्हणजे शिडीसारख्या वेगळ्या सांगाड्यावर बॉडी बसवलेल्या) गाड्यांत हा दोष जास्त जाणवतो, कारण चेसिसमुळं फरशीच उंच येते. सफारी, एक्सयूव्ही ७००, इनोव्हा हायक्रॉस यांचा सांगाडा एकसंध असल्यानं तिथं जागा काढायला थोडा वाव असतो. पण मोजल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

ही रांग मागच्या चाकांच्या जवळ किंवा त्यांच्याही मागं येते, म्हणजे सी-सॉच्या टोकावर. चालकाला जो स्पीडब्रेकर नुसता जाणवतो तो मागच्याला उचलून आपटतो. वीसच्या वेगानं एक स्पीडब्रेकर पार करून बघा, पण स्वतः मागं बसून. घाटात पोरांना उलटी होते त्याचंही मूळ इथंच. आतल्या कानाला वळणं कळतात, पण खिडकी छोटी आणि समोर सीटची पाठ असल्यानं डोळ्यांना काहीच हलताना दिसत नाही. मेंदूला दोन उलट्या बातम्या मिळतात. गगनबावड्याला जाताना त्रास होणाऱ्या पोराला मधल्या रांगेत, समोरचा रस्ता दिसेल असं बसवा.

सुरक्षेच्या ताऱ्यांबद्दल एक बारीक गोष्ट. भारत एनकॅप, म्हणजे गाड्या धडकवून तारे देणारी आपल्याकडची चाचणी, २०२३ मध्ये सुरू झाली. तिच्या ताशी ६४ किलोमीटरच्या समोरच्या धडकेत मोठ्या माणसांचे पुतळे पुढच्या दोन सीटवर असतात, लहान मुलांचे त्यामागं. तिसऱ्या रांगेत कुणी नसतं. त्यामुळं पाच तारे बघून झाल्यावरही तिथं खांद्यावरून येणारा पट्टा आहे का, खिडक्यांवर पडद्यासारखी उतरणारी एअरबॅग तिथवर पोचते का आणि डोक्यापासून मागच्या काचेपर्यंत किती वीत जागा आहे, हे स्वतः बघावं लागतं.

करूळ घाटातून वैभववाडीकडे उतरताना खरी परीक्षा ब्रेकची. समजा २४०० किलोची गाडी ५०० मीटर उंची उतरली. सुटलेली ऊर्जा जवळपास १२ मेगाज्यूल. तिच्यात ४० लिटर पाणी उकळीला येईल. चार डिस्कचं ओतीव लोखंड मिळून ४० किलो धरलं आणि सगळी उष्णता त्यातच राहिली, तर तापमान ६०० अंशांहून जास्त वाढेल. प्रत्यक्षात हवा आणि इंजिन बराच वाटा उचलतात, पण इंजिनला तो उचलू दिला तरच. म्हणून ज्या गिअरात घाट चढतो त्याच गिअरात उतरायचं. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडमध्ये टाकून. चाचणीत हेच बघा: उतारावर दुसऱ्या गिअरात पाय ब्रेकवरून काढला तर गाडी स्वतःला धरते की सुटत जाते?

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. नवं डॉट ४ दर्जाचं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल शोषलेल्याची मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. त्यापुढं नळीत वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दबते आणि पेडल थेट खाली जातं. जुनी गाडी घेत असाल तर ऑइल शेवटचं कधी बदललं ते विचारा. दोन वर्षं झाली असतील तर घाटाआधी बदलून घ्या. आपल्याकडचा पाऊस बघता त्यात काटकसर नको.

टायरवर २३५/६५ आर १७ असं काही लिहिलेलं असतं, त्यापुढचा आकडा भाराचा. १०४ म्हणजे एका टायरला ९०० किलो, १०८ म्हणजे १०००. बदलताना दुकानदारानं स्वस्तातला कमी आकड्याचा टायर बसवला तर रिकाम्या गाडीत काहीच बिघडत नाही, भरलेल्या गाडीत तो तापतो. हवेचे दोन आकडे चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतात, एक रिकाम्या गाडीचा आणि एक भरलेल्या. पंपवाला विचारतो तेव्हा आपण सवयीनं पहिलाच सांगतो.

डिझेलचा विचार असेल आणि रोजचं येणं-जाणं राजारामपुरी ते ताराबाई पार्क एवढंच असेल, तर धुराची काजळी अडवणारी जाळी, म्हणजे डीपीएफ, तुंबत जाते. ती जाळून मोकळी करायला इंजिनला मधूनमधून पंधरा-वीस मिनिटं मोकळ्या रस्त्यावरची सलग धाव हवी. नाहीतर पेट्रोल किंवा हायब्रिड बरी.

शेवटी सगळी माणसं बसवून मागच्या चाकाच्या कमानीची जमिनीपासूनची उंची मोजा. रिकाम्या गाडीपेक्षा ती काही सेंटिमीटर खाली आलेली दिसेल. मागचं बूड खाली गेलं की पुढचं तोंड वर उठतं आणि दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. डॅशबोर्डवर ० ते ३ आकडे असलेली छोटी चकती बहुतेक गाड्यांत असते, ती यासाठीच. रात्री कागलकडून येताना गाडी भरलेली असेल तर ती फिरवून झोत खाली घ्या.

आणि पैसे भरण्याआधी घराच्या दारात खडूनं गाडीएवढा, ४.८ बाय २.२ मीटरचा चौकोन आखा. शिवाजी पेठेतल्या गल्लीत असाल तर गेट किती उघडतं तेही त्याच चौकोनातून बघा.