वरच्या मजल्यावरचा न्यूट्रॉन

खारघरला टाटाच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात २०२३ पासून प्रोटॉनने कर्करोगावर उपचार होतात. तिथला सायक्लोट्रॉन, म्हणजे कणांना वेग देणारं यंत्र, २३० मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचे प्रोटॉन देतो (मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट हे कणांची ऊर्जा मोजायचं एकक). गाठीपर्यंत पोचायच्या आधीच त्यातले काही प्रोटॉन शरीरातल्या कार्बन, ऑक्सिजनच्या अणुकेंद्रावर आदळतात आणि एखादा न्यूट्रॉन उडवतात. मागे उरतो कार्बन-११ (अर्धायुष्य सुमारे २० मिनिटं) नाहीतर ऑक्सिजन-१५ (जेमतेम २ मिनिटं). दोन्ही पॉझिट्रॉन (धन विद्युतभाराचा इलेक्ट्रॉन) सोडतात, आणि पेट स्कॅनला नेमकी त्याचीच खूण दिसते. म्हणून झोत कुठवर पोचला, हे जगात काही ठिकाणी त्या स्कॅनने तपासतात. असे अणू किती तयार होणार, हे ठरतं काटछेदावरून, म्हणजे ती प्रक्रिया घडण्याची शक्यता सांगणाऱ्या आकड्यावरून. त्या आकड्याचं भांडण जुनं आहे.

१९४७ मध्ये रॉबर्ट सर्बर यांनी मांडलं की वेगवान प्रोटॉनला अख्खं अणुकेंद्र दिसतच नाही, तो आतल्या एकेका न्यूक्लिऑनशी (म्हणजे प्रोटॉन किंवा न्यूट्रॉनशी) टकरतो. १९५२ मध्ये बर्कलीत चेंबरलेन आणि सेग्रे यांनी लिथियमवर प्रोटॉन सोडले, तर दोन प्रोटॉन एकमेकांशी जवळपास काटकोन करून बाहेर आले. कॅरममध्ये सोंगटीने सोंगटीला कडेला टिपलं की दोन्ही अशाच फाकतात.

मग हिशेब सोपाच म्हणायचा? १९५८ मध्ये मेट्रोपोलिस आणि सहकाऱ्यांनी मॅनिअ‍ॅक संगणकावर या टकरींची साखळी मांडली. एकच न्यूट्रॉन उडण्याच्या प्रक्रियेत त्यांचे आकडे प्रयोगापेक्षा कमी पडले. त्यांचं अणुकेंद्र होतं गुळगुळीत गोटीसारखं, सगळीकडे सारख्या घनतेचं आणि धारदार कडेचं. खरं अणुकेंद्र कडेला विरळ होत जातं, आणि असा एकटा न्यूक्लिऑन निसटतो तो बहुतेक त्या विरळ कडेवरूनच.

दुसरी गोष्ट मजल्यांची. गेपर्ट-मायर आणि येन्सन यांनी १९४९ मध्ये कवचांचं चित्र दिलं होतंच: केंद्रातले न्यूक्लिऑन वेगवेगळ्या ऊर्जेच्या कवचांत, जणू मजल्यांवर, राहतात. १९६० मध्ये पॉल बेनिऑफ यांनी ते या काटछेदांना लावलं. (हेच गृहस्थ पुढे क्वांटम संगणकाच्या कल्पनेसाठी ओळखले गेले, इथे ते रसायनशास्त्रज्ञ होते.) त्यांचा मुद्दा असा, की न्यूट्रॉन उडाला एवढ्यावर भागत नाही, उरलेलं केंद्र टिकलंही पाहिजे. कार्बन-११ ला साडेसात मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर ऊर्जा मिळाली की तो अल्फा कण (दोन प्रोटॉन, दोन न्यूट्रॉनचा गठ्ठा) सोडून फुटू शकतो. कार्बन-१२ च्या बाहेरच्या कवचातले चारच न्यूट्रॉन त्यामुळे हिशेबात धरायचे. आतल्या कवचातला उडाला, तर मागे वीसेक मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टची उलथापालथ राहते, आणि कार्बन-११ मोजायला हाती लागत नाही. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू गेला तर सोसायटीला फार तर मेंटेनन्सचा प्रश्न. तळमजल्याचा खांब काढला तर ठाणे महापालिकेची ‘सी-वन’ची, म्हणजे अतिधोकादायक इमारतीची नोटीस. ऑक्सिजनचं नशीब जरा बरं: बाहेरचे दोन आणि त्याखालचे चार, सहाही न्यूट्रॉन चालतात, कारण खालच्या चारांपैकी एक गेला तरी ऑक्सिजन-१५ मध्ये सहाच्या थोडी वर ऊर्जा उरते आणि तो फुटायला सात-सव्वासात लागते.

मजले खरोखरच आहेत, हे स्वीडनमध्ये उप्सालाला दिसलं होतं. १९५८ च्या सुमारास तिरेन, हिलमन आणि मारिस यांनी १८५ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या प्रोटॉनने कार्बनमधून प्रोटॉन उडवले, बाहेर आलेल्या दोघांची ऊर्जा मोजली आणि उरलेल्या हिशेबातून बंधनऊर्जा, म्हणजे तो प्रोटॉन आत किती घट्ट बांधला होता ते, काढली. सोळा मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास एक ठसठशीत शिखर आलं, आणि बरंच खोल एक पसरट: वरचा मजला आणि तळमजला.

म्हणून नुसती ऊर्जा वाढवून काटछेद वाढत नाही. कार्बन-१२ चा हा आकडा चाळीसेक मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टला सर्वांत मोठा असतो, आणि ऊर्जा अब्जावधी इलेक्ट्रॉनव्होल्टच्या घरात गेली की तिसेक मिलिबार्नवर (मिलिबार्न हे काटछेदाचं एकक) येऊन ठाण मांडतो.