कॉर्निया बसवलाय आणि डोळा लाल झाला? जुन्या बाटलीवर ड्रॉप मागू नका

रामबागेतल्या आमच्या दुकानात नेहमी होतं, कोणी रिकामी बाटली काउंटरवर ठेवून म्हणतं, भाऊ हाच ड्रॉप द्या, डोळा परत लाल झालाय. पर्चा मागितला की राग येतो, पण जरा ऐकून घ्या.

ती बाटली बहुतेक वेळा स्टेरॉइडची असते, प्रेडनिसोलोन वगैरे. शरीराने नवा कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, नाकारू नये म्हणून ती कित्येक महिने चालते, डॉक्टर हळूहळू कमी करतात, आपल्या मनाने बंद करायची नाही. पण लाली आली तर मोठी कारणं दोन, एकतर शरीर कॉर्निया नाकारतंय नाहीतर बॅक्टेरियाचं इन्फेक्शन झालंय, आणि आरशात दोन्ही सारखंच दिसू शकतं. पहिल्यात स्टेरॉइड वाढवतात. दुसऱ्यात तेच मनाने वाढवलं तर लाली जरा उतरते, आपण निश्चिंत होतो आणि आत इन्फेक्शन फोफावतं. स्यूडोमोनास नावाचा बॅक्टेरिया असला तर एक-दोन दिवसांत कॉर्निया विरघळायला लागू शकतो. डॉक्टर स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या मशीनवर बघतात, लागलं तर कॉर्नियाचा नमुना खरवडून लॅबला पाठवतात, काउंटरवरून हे कसं कळणार?

"दुखत तर नाहीये" हे पण फार ऐकतो. अहो, ऑपरेशनमध्ये कॉर्नियाच्या नसा कापल्या जातात, म्हणून इन्फेक्शन असूनही कमी दुखतं. लाली, उजेड सहन न होणं, धूसर दिसणं, चिपडं, पांढरा ठिपका, सैल टाका खुपणं, यातलं एक जरी असलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, रविवार असेल तर इमर्जन्सीत, आणि चालू असलेल्या सगळ्या बाटल्या सोबत न्या. सैल टाक्यातून तर बॅक्टेरिया सरळ आत शिरतात.

मॉक्सिफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकचा ड्रॉप शेड्यूल एच-१ या कडक नियमांच्या सरकारी यादीत येतो, डॉक्टरांचं आणि पेशंटचं नाव रजिस्टरमध्ये लिहून 3 वर्षं ठेवावं लागतं, त्यामुळे ओळखीवर तो मिळणार नाही. तुमच्या चालू पर्च्यावर किती दिवस घ्यायचं ते लिहिलेलं असेल तर लगेच देतो.

बाटलीचं टोक पापणीला लावू नका, दोन ड्रॉपमध्ये 5 मिनिटं जाऊ द्या, प्रेडनिसोलोनची बाटली आधी हलवा. उघडल्यावर साधारण 28 दिवसांनी बाटली फेकायची, त्यासाठी झाकण उघडल्याची तारीख टाकायला आम्ही स्टिकर लावून देतो. वयस्कर पेशंट असतील तर पर्च्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाका, रामबाग आणि नारायण बागेत घरपोच देतो, मूळ पर्चा तेवढा आमच्या मुलाला दाखवा.