नदीकाठ स्वच्छता व मूळ झाडीची लागवड (कृष्णाकाठ)

नदीकाठावर साठलेला कचरा गावकऱ्यांनी मिळून उचलणे, उपऱ्या वनस्पती काढणे आणि त्या जागेची मूळ झाडी पुन्हा वाढवणे, असे हे तिहेरी काम आहे. कोकणात ते समुद्रकिनाऱ्यावर चालते. सातारा-सांगलीत काठ म्हटला की कृष्णेचा. वाईचे घाट, वेण्णा मिळते ते संगम माहुली, कोयना मिळते तो कराडचा प्रीतिसंगम, वारणा मिळते ते हरिपूर ही गर्दीची, म्हणून कचऱ्याचीही ठिकाणे. घाट दगडी असतो, तो झाडून धुता येतो. खरे काम घाट संपतो तिथून पुढे, मळीवर, म्हणजे काठच्या गाळाच्या जमिनीवर असते.

कामाचा हंगाम नदी ठरवते. पावसाळा सरला की कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत बर्गे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) टाकतात, पाणी तुंबते आणि काठाचा खालचा पट्टा बुडतो. म्हणून पूर ओसरणे आणि बर्गे पडणे यांच्या मधले दिवस सफाईला सर्वांत सोयीचे. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की दुसरी संधी मिळते, पण तेव्हा मगरीकडे लक्ष हवे. सांगली जिल्ह्यात कृष्णेत मगरींचा वावर आहे. मादी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास काठावर खड्डा उकरून अंडी घालते, पिल्ले मे-जूनमध्ये बाहेर येतात. उकरलेली ताजी माती किंवा पोटाने घासल्याचा माग दिसला की तो पट्टा सोडून द्यावा आणि वनविभागाला कळवावे. उभ्या दरडीतली बिळे खंड्या आणि वेड्या राघूची असतात. दरड ‘नीट’ करायच्या नादात ती बुजवू नयेत.

वीस-पंचवीस माणसांनी एका सकाळी शंभर मीटरचा पट्टा घ्यावा. त्याहून मोठा घेतला की अर्धवट राहतो. खोरे, दंताळे, विळा, घमेली, खताच्या रिकाम्या गोण्या, रबरी हातमोजे आणि गमबूट एवढे पुरते. काचेसाठी गोणी चालत नाही, बादली लागते. निर्माल्य, कापड, प्लास्टिक, काच आणि मूर्ती-तसबिरी जागेवरच वेगळ्या कराव्यात, कारण चिखलात एकत्र कालवलेला ढीग नंतर कोणी निवडत नाही. कचरा नेणारी गाडी आधी ठरवावी. गाडी आली नाही म्हणून काठावर ठेवलेल्या गोण्या पुढच्या पाण्याबरोबर पुन्हा नदीत जातात. हा सर्वांत नेहमीचा घोटाळा आहे.

पुरानंतर करंजाच्या उघड्या पडलेल्या मुळ्या पाहाव्यात. साड्यांचे काठ, ठिबकच्या नळ्या, दोऱ्या आणि कॅरीबॅगा त्यांत वेणीसारख्या गुंफलेल्या असतात. ते ओढले की मूळ सुटते आणि मुळाबरोबर दरडही. विळ्याने एकेक फेर कापून काढावा. वेळ लागतो, पण काठ टिकतो. पालापाचोळा, ओंडके आणि लव्हाळा मात्र उचलू नये. फोटोत काठ चकचकीत दिसावा म्हणून तेही खरवडले जाते आणि पहिल्याच पावसात माती उघडी पडून वाहते.

उपऱ्या वनस्पतींत जलपर्णी आणि बेशरम या दोन मुख्य. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. सांडपाणी आणि उसाच्या शेतातून येणारे खत यांवर ती पोसते. तिची संख्या अनुकूल हवेत दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते, म्हणून हिवाळ्यातच, चटई पातळ असताना काढावी. पाण्यात तोडू नये, तुकड्यांतून नवी रोपे होतात. काढलेला ढीग पाण्यापासून निदान दहा मीटर लांब टाकावा. त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असल्याने तो लवकर बसतो. बेशरमाचे कापलेले दांडेही ओल्या मातीत पेरांतून मुळे धरतात. ती मुळासकट खणून, तापलेल्या दगडांवर वाळवावी आणि दोन महिन्यांनी पुन्हा फेरी मारावी.

लागवड पाण्याच्या पातळीप्रमाणे पट्ट्यांत करतात. अगदी कडेला वाळा, शेरणी (नदीकाठचे झुडूप) आणि वाळुंज (विलोची जात). मधल्या चढावर करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन. वर वड, कडुनिंब. वाळुंजाला रोपवाटिका लागत नाही. अंगठ्याएवढ्या जाड, तीन-चार फूट लांब काड्या ओल्या मातीत अर्ध्याहून जास्त खोल रोवल्या की फुटतात. जांभळाचे बी मात्र वाळले की मरते, ते ताजेच पेरावे. उतारावरच्या काळ्या मातीत दोन फुटी खड्ड्यात पाणी साचून मूळ कुजते. दीड फुटाचा खड्डा आणि वर थोडा उंचवटा बरा.

वृक्षारोपणाचे कार्यक्रम जून-जुलैत होतात आणि खालच्या पट्ट्यात तेच नडते. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट ही धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. त्या पाण्यात जूनचे वीतभर रोप वाहून जात नाही, ते गाळाखाली गाडले जाते. खालच्या पट्ट्यात म्हणून सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात, माणसाच्या उंचीची दोन वर्षांची रोपे लावावीत. जूनची लागवड वरच्या पट्ट्यापुरती ठेवावी. लोखंडी जाळ्या लावू नयेत. पुरात त्यांत कचरा अडकतो आणि पाण्याच्या रेट्याने जाळीसह झाड आडवे होते. बांबूची काठी आणि सुतळी पुरे. पाणी उतरल्यावर पानांवरचा गाळ धुऊन टाकावा.

पुढची दोन वर्षे फेब्रुवारी ते मे आठवड्याला प्रत्येक रोपाला पंधरा-वीस लिटर पाणी लागते. शेजारच्या शेतकऱ्याच्या मोटारीवरून ते सहज मिळते, त्याला आधी विचारले असेल तर. मळी कसणारा तोच असतो, आणि तुटून गेलेल्या उसाचे पाचट पेटवणाराही. त्या आगीत काठावरची रोपे बांधापर्यंत होरपळतात, म्हणून ऊसतोडीपूर्वी रोपांच्या कडेने तीन मीटरचा पट्टा गवत काढून मोकळा करावा आणि पेटवायचा दिवस त्याच्याकडून कळवून घ्यावा.