नी-कॅप जितकी घट्ट, तितका आधार जास्त?

नी-कॅप जितकी घट्ट, तितका गुडघ्याला आधार जास्त, असा समज फार जुना आहे. तो स्वाभाविकही आहे, कारण आवळल्यावर सांधा स्थिर झाल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात लवचिक कापडाची नी-कॅप ऊब आणि हलका दाब देते, परंतु अस्थिबंध (हाडांना एकमेकांशी जोडणारे पट्टे, म्हणजे लिगामेंट) दुखावून गुडघा बाजूला कलत असेल, तर त्याला रोखण्याची ताकद तिच्यात नसते. त्यासाठी दोन्ही बाजूंना बिजागरी असलेला ब्रेस लागतो आणि तो डॉक्टरांच्या तपासणीनंतरच घ्यावा. अतिघट्ट नी-कॅपने उलट शिरा दाबल्या जाऊन पोटरी सुजू शकते. माप घरीच पडताळता येते: नी-कॅपच्या मापांच्या तक्त्यात सांगितलेल्या जागी पायाचा घेर टेपने मोजावा, नी-कॅप घालून 10 मिनिटे चालावे. कडेखाली बोट सरकत नसेल किंवा पायाला मुंग्या येत असतील, तर ती लगेच काढावी.